पुढचा ब्रेक

"सायकल फोटोत उभी राहती का, एवढंच बघितलं तुम्ही साहेब. थांबती का, ते कुणीच न्हाई बघितलं. लेकरं मारायला वाटल्या का ह्या?"

असं म्हणून महामायानं सायकल तालुक्याच्या ऑफिसात साहेबांच्या टेबलासमोर उभी केली आणि पायानं स्टँड मारला. चाकाला चिकटलेली काळी माती फरशीवर पडली. मागून धावत आलेला शिपाई दारातच थांबला, कारण साहेबांनी हात वर केला होता. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनानं चहाचा कप बशीत ठेवला आणि बशी आपल्याकडं ओढून घेतली.

"बाई, सायकल आत आणायची नसते."

"मंग लेकरू आणू का? ते लातूरच्या दवाखान्यात हाय. हात प्लास्टरात, हनुवटीला टाके. आणू?"

आवाज आपलाच आहे, यावर तिचा विश्वास बसेना. टेम्पोत सायकलीला धरून बसल्यापासून ती हीच वाक्यं घोळवत आली होती. आता वाक्य तोंडातून एकदाचं बाहेर पडलं, आणि ते खरं होतं.

वाटपाच्या दिवशी गावात मंडप पडला होता. आठवीच्या पोरींना सायकली, कारण पुढची शाळा फाट्यावर आणि एसटी येते ती शाळा भरून गेल्यावर. हार आले, भाषणं झाली, पोरींना एका रांगेत उभं करून हँडल हातात दिलं आणि फोटो काढले. सगळ्या सायकली एका मापाच्या. पोरी मात्र एका मापाच्या नव्हत्या. लुंबिनी, महामायाची पोरगी, सीटवर बसली तर तिच्या चपला हवेत लोंबायच्या. कुणीतरी माइकवरून म्हणालं, वाढत्या अंगाची आहे, दहावीपर्यंत पुरेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. महामायानंही वाजवल्या. लेकराचा फ्रॉक ती वाढत्या अंगाचाच घ्यायची. सायकल म्हणजे फ्रॉक नव्हे, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मग मागच्या आठवड्यात ऋतुजा पडली. वैजनाथ मालकाची पोरगी, लुंबिनीच्याच वर्गातली. फाट्याच्या अलीकडं उतार आहे आणि उताराच्या पायथ्याशी हमरस्ता. रस्त्यावरून उसाची ट्रॉली चालली होती. पोरीला सायकल थांबवता आली नाही. ट्रॉलीखाली जाण्यापेक्षा तिनं हँडल फिरवलं आणि पुलाच्या नाल्यात गेली. लुंबिनी तिच्या मागं होती. लुंबिनी थांबली ती सीटवरून पुढं सरकून, चपला रस्त्यावर घासून. चपलेचा तळ फाटला होता. महामायानं ती चप्पल फेकली नाही, खिळ्याला टांगून ठेवली. येता-जाता तिच्याकडं नजर जायची.

तेव्हापासून गावातल्या सगळ्या सायकली कुलुपात आणि पोरी घरात.

"माणूस पाठवा," महामाया म्हणाली. "समद्या सायकली तपासा. तवर आमच्या पोरी शाळा बुडवून बसल्यात. ब्रेक दाबून बघा हिचा. बघा तुम्हीच."

साहेब उठले. माणूस वाईट दिसत नव्हता. टेबलाला वळसा घालून आला, वाकला, आधी मागचा ब्रेक दाबला, मग पुढचा. पुढचा दांडा काहीच न धरता ढिला हातात आला. साहेब आणखी वाकले. हँडलखाली ब्रेकची वायर गुंडाळून सुतळीनं नीट बांधून ठेवली होती. खाली चाकाजवळ रबराची जागा रिकामी होती.

"हा ब्रेक कुठंय?"

महामायाही वाकली.

"आम्ही दिली तेव्हा दोन ब्रेक होते. फोटो आहेत," साहेब म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "त्या पडलेल्या मुलीच्या सायकलचाही असाच काढलाय का? मग जबाबदारी कुणाची? उद्या तिच्या वडिलांनी केस केली, तर ती ज्यानं ब्रेक काढला त्याच्यावर होईल. घरी जा. विचार करा. मग बोला."

तिला केसचं काही वाटलं नाही. ती सुतळीकडं बघत होती. दोन वेढे, मधून एक फास, टोक आत खोचलेलं. कडब्याच्या पेंड्या ट्रॉलीवर बांधताना ही गाठ गावात एकच माणूस मारायचा, आणि तो तिच्याच घरात राहत होता.

ठरवून आणलेली बाकीची वाक्यं तशीच राहिली. तिनं स्टँड काढला. पायऱ्या उतरताना सायकल चढतानापेक्षा जड लागली.

*

विनोद, तिचा नवरा, शेतावरून आला तेव्हा दारात ऊन होतं. वैजनाथ मालकाचा ट्रॅक्टर त्याच्याकडं होता. मालकाच्या अंगणात ट्रॅक्टर लावून, चावी खिशात घालून तो चालत घरी यायचा. सायकल अंगणाच्या मधोमध उभी होती, तिला त्यानं वळसा घातला. तांब्या घेऊन पाय धुवायला बसला. लुंबिनी उंबऱ्यात डाळ निवडत होती.

"पुढचा ब्रेक कुणी काढला?" महामायानं विचारलं.

"म्या."

"आन ऋतुजाचा?"

धुतलेल्याच पायावर त्यानं पुन्हा पाणी ओतलं.

"आवो, तुम्हाला विचारून राहिले मी."

"ज्यांनी ज्यांनी म्हणलं त्यांचे समद्यांचे काढले. माझ्याकडं पान्हा हाय म्हणून आले माझ्याकडं. चुकीचं काय केलं? पुढचा ब्रेक दाबला की मागचं चाक उचलतंय, लेकरू तोंडावर जातंय. हे बघ." त्यानं वरचा ओठ उचलला. पुढचे दोन दात बसवलेले होते. "कसे गेले म्हाईत हाय ना तुला? उतारावर पुढचा दाबला म्हणून. लुंबीचं तोंड असं व्हावं वाटतंय का?"

"मागच्यानं थांबती का पर?"

"थांबती की. म्या बघूनच दिल्या."

तो उठला, ओल्या हातानं कॅरिअर धरून मागचं चाक जमिनीवरून उचललं, पॅडल मारून गरगरा फिरवलं आणि ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं.

"हे घे. बघितलंस?"

महामायानं बघितलं. ते थांबलेलं चाक बघून तिला हायसं वाटायला हवं होतं. तिचं लक्ष खिळ्याला टांगलेल्या चपलेकडं गेलं.

"हवेत थांबली," ती म्हणाली. "लेकरू काय हवेत बसतंय व्हय?"

तिनं पदर खोचला आणि सायकलीवर बसली. जन्मात ती सायकलीवर बसली नव्हती. एक हात भिंतीला लावून कशीबशी चढली, तर पाय लोंबकळायला लागले.

"आई, पडशील!" लुंबिनी हसली. सुपातली डाळ सांडली.

"माझेच पाय टेकंना, तर तुझे कुठं टेकतेल गं? सांगितलं न्हाईस ते?"

"सांगितलं व्हतं की. तू म्हणलीस, व्हईल सवय."

महामायानं ब्रेक मुठीत आवळला, पार हँडलला टेकेपर्यंत. "ढकला आता मागून."

"येडी का काय तू—"

"ढकला म्हणते ना."

विनोदनं ढकलली. सायकल चालली. ब्रेक आवळलेला होता आणि सायकल चालली, जरासुद्धा न अडखळता, दारापुढच्या उतारावरून समोरच्या भिंतीकडं. रबर कुठंतरी चुर्र चुर्र वाजत होतं, पण चाकाला त्याचं काही नव्हतं. सगळ्या अंगातलं बळ महामायानं त्या एका मुठीत आणलं होतं आणि भिंत तशीच जवळ येत होती. विनोद धावला, त्यानं हँडल धरलं, दोघं मिळून भिंतीवर आदळले. कोपर सोललं.

लुंबिनी आता हसत नव्हती.

"अशीच जाती आई ती," ती हळूच म्हणाली. "मी चपला घासते ना रोज."

रोज. महामाया खालीच बसून राहिली. रोज सकाळी डबा देताना ती सांगायची, गाडी बघून जा, कडेनं जा, ओढणी बांधून घे चेनमधी अडकंल. ज्या गोष्टींना भ्यायचं त्या सगळ्यांना ती भ्यायली होती. ब्रेक तेवढा राहिला होता.

विनोद मागच्या चाकाजवळ वाकला. ब्रेकची रबरं रिमसमोर नव्हतीच. तिरकी होती, अर्धी टायरवर, अर्धी हवेत. रबर धरणाऱ्या नटाला त्यानं पान्हा लावायला घेतला आणि थांबला. नट बोटांनी फिरला. त्यानं नुसत्या दोन बोटांनी तो फिरवून काढला आणि तळहातावर घेतला.

"ह्याला म्या हात लावला न्हाई," तो म्हणाला. "आईशप्पथ. मागच्याला हातच न्हाई लावला."

महामाया शेजारी नीलाबाईकडं गेली आणि तिच्या पोरीची सायकल ढकलत घेऊन आली. तिचाही नट बोटांनी फिरला, कुणी आवळलेलाच नव्हता.

विनोद मटकन खाली बसला.

"म्हंजी त्या लेकराला पुढंबी कायच न्हवतं," तो म्हणाला, "आन मागंबी."

"उद्या जाऊन सांगू."

"कुणाला?"

"वैजनाथभाऊला."

"गप बस!" तो एवढ्या जोरात म्हणाला की लुंबिनीनं सूप छातीशी धरलं. मग आवाज खाली आला. "दवाखान्यात काय म्हणला म्हाईत हाय का तो? म्हणला, ज्याच्यामुळं झालं त्याचेबी हात मोडतो. मी शेजारीच उभा व्हतो त्याच्या. पाण्याची बाटली धरून." त्यानं हात खिशावर ठेवला, जिथं ट्रॅक्टरची चावी होती. "आन त्यातून आपण. गाव काय म्हणंल, ठाव हाय ना? मालकाच्या पोरीचा ब्रेक ह्यांनी काढला म्हणंल. काढलाच म्हणंल. सायकल कुलपात घाल. न्हाई गेली शाळंत तर न्हाई गेली."

लुंबिनीनं सूप खाली ठेवलं आणि आत गेली. आतून दप्तराच्या चेनचा आवाज आला. उघडल्याचा, आणि मग लावल्याचा.

महामायानं पान्हा उचलून विनोदच्या हातात दिला.

"आधी हिची तर नीट करा."

अंधार पडायच्या आत त्यांनी ती केली. विनोदनं काढून ठेवलेली पुढची रबरं बसवली, वायर लावली. चारही रबरं रिमसमोर आणली, अशी की मध्ये नाणं जाईल एवढीच फट राहावी. सीट खाली घेतली, लुंबिनीला बसवली, आणखी खाली घेतली, दोन्ही पायांचे चवडे जमिनीला लागेपर्यंत. महामायानं पुढचं चाक गुडघ्यात धरून हँडल पिळून बघितलं, हलत नाही ना. विनोदच्या हातून पान्हा दोनदा निसटला. शेवटी महामाया पुन्हा सायकलीवर बसली, दोन्ही ब्रेक धरले आणि म्हणाली, ढकला. विनोदनं खांदा लावला. सायकल हलली नाही.

"दोन्ही संगं दाबायचे," ती लुंबिनीला म्हणाली. "हळूहळू. मागचा आधी, पुढचा त्याच्या मागून. एकदम न्हाई."

"तुला कुणी सांगितलं?" विनोदनं विचारलं.

"भिंतीनं."

*

सकाळी ती एकटीच निघाली. वैजनाथच्या घराचं दार उघडंच होतं. आदल्या संध्याकाळी ऋतुजाला घरी आणलं होतं. ओसरीवर बाज, बाजेवर पोरगी, गळ्यात अडकवलेला हात, हनुवटीवर पांढरी पट्टी. उशाशी तिची आजी, कस्तुराबाई. वैजनाथ अंगणात ब्रश करत उभा होता. महामाया पायरीच्या खालीच थांबली, नेहमी थांबायची तिथं.

"काय गं? विनोद आला न्हाई अजून?" वैजनाथनं फेस थुंकत विचारलं.

आता नाही बोललं तर कधीच बोलता येणार नाही, एवढंच तिला कळत होतं.

"भाऊ, ऋतुजाच्या सायकलचा पुढचा ब्रेक लुंबिनीच्या पप्पानं काढला व्हता."

ब्रश वैजनाथच्या तोंडातच राहिला. मग त्यानं तो बाहेर काढला.

"काय म्हणलीस?"

"काढला व्हता. सायकली आल्या त्याच दिवशी."

"कुठाय तो? कुठाय विन्या?"

"हितं हाय मालक." विनोद दारात उभा होता. तो येणार नाही असंच ती धरून चालली होती. त्याच्या एका हातात पान्हा होता, दुसऱ्यात ट्रॅक्टरची चावी. चावी त्यानं पुढं केली होती, मागायच्या आधीच.

वैजनाथनं चावी घेतली नाही. त्यानं विनोदची गचांडी धरली. पान्हा फरशीवर पडला. महामाया मध्ये गेली, तर तिला त्यानं कोपरानं बाजूला सारलं. "माझ्या पोरीचा जीव गेला असता! तुला कुणी सांगितलं व्हतं हात लावायला? आँ? कुणी सांगितलं?"

विनोद बोलेना. गळा दाबला होता म्हणून नाही. तो खाली मान घालून उभा होता आणि ओसरीकडं अजिबात बघत नव्हता.

"सोड त्याला," कस्तुराबाई म्हणाली.

"आई, तू मधी पडू नको."

"सोड म्हणते. म्या सांगितलं व्हतं."

वैजनाथचा हात सैल झाला.

"म्याच हाक मारून बोलावला त्याला," म्हातारी म्हणाली. "तो म्हणला, राहू द्या आजी, एवढं लांब जायचं हाय पोरीला. म्या म्हणलं, काढ. माझ्या वैजनाथचं झालं तसं हिचं व्हायला नको. ल्हानपणी तळ्याच्या उतारावर पुढचा ब्रेक दाबून तू पडलास तवा रगत थांबत न्हवतं तुझं. मला काय ठाव बाबा, कोणचा ब्रेक कशाला असतो?"

"आन इतके दिवस बोलली न्हाईस?"

"भेले." तिनं पोरीच्या प्लास्टरवर हात ठेवला. "तू हात मोडतो म्हणलास ना."

वैजनाथचा हात आपोआप हनुवटीवर गेला. तिथं दाढीत एक जुनी पांढरी रेघ होती, केस न उगवणारी. गोठ्यात म्हशीनं साखळी ओढली.

"पप्पा," ऋतुजा म्हणाली. पट्टीमुळं तिला तोंड नीट उघडता येत नव्हतं. "मागचाबी लागत न्हवता. म्या दोन्ही हातांनी दाबून राहिले व्हते."

महामाया गोठ्याकडं गेली. ऋतुजाची सायकल तिथं भिंतीला टेकवली होती, हँडल वाकडं, बेल तुटलेली. तिनं ती अंगणात आणली, मागच्या चाकाजवळ बसली आणि वैजनाथकडं बघितलं.

"भाऊ, पान्हा घेऊ नका. नुसत्या बोटांनी फिरवा."

वैजनाथ तिच्या शेजारी उकिडवा बसला. नट फिरला. त्यानं तो उलटा फिरवला, पुन्हा सुलटा फिरवला. मग फरशीवरचा पान्हा उचलून विनोदला दिला. चावीचं नाव काढलं नाही.

"तालुका गाठायला टेम्पो कधी हाय?" कस्तुराबाईनं बाजेवरून विचारलं. ती उठून पायात वहाणा शोधत होती. "आन महामाये, तू खाली कामून उभी हायस? वर ये. च्या घेऊनच निघू."

*

त्याच टेबलासमोर आज दोन सायकली होत्या, एक सरळ आणि एक वाकडी. शिपाई या वेळी धावला नाही. वाकडी वैजनाथनं आणली होती आणि तो दाराला टेकून उभा होता. कस्तुराबाईला कुणी बस म्हणालं नव्हतं. तिनं कारकुनाच्या टेबलाजवळची खुर्ची ओढली आणि बसली.

"केला का विचार, बाई?" साहेबांनी विचारलं.

"केला."

महामायानं सायकलीची सीट दोन्ही हातांनी धरली.

"पुढचा ब्रेक आम्हीच काढला साहेब. माझ्या नवऱ्यानं काढला, ह्या आजीनं काढायला सांगितला, समद्या गावानं काढून घेतला. आम्ही भेलो म्हणून काढला. मंडपात एवढी भाषणं झाली, त्यात कोणचा ब्रेक कशाला असतो, एवढं एक कुणी बोललं न्हाई. पर ते ऱ्हाऊ द्या. चूक आमची. लिहून घ्या."

साहेबांनी कारकुनाकडं बघितलं. कारकुनानं पेनचं टोपण काढलं.

महामाया वाकड्या सायकलीच्या मागच्या चाकाजवळ वाकली. दोन बोटांनी नट फिरवला, साहेबांना दिसेल असा, हळूहळू. नट सुटून तिच्या तळहातावर आला. तिनं तो टेबलाच्या काचेवर ठेवला. तो थोडा घरंगळला आणि फोटोंच्या पाकिटाला टेकून थांबला.

कारकुनाचं पेन कागदावरच राहिलं होतं.

"पुढचा आम्ही काढला," ती म्हणाली. "मागचा कुणी लावला व्हता, साहेब? नाव सांगा."